मदत हवी आहे: उनामुनोचा पाद्री खोटारडा की संत?
स्पॅनिश लेखक मिगेल दे उनामुनोची १९३१ची ‘सान मानुएल बुएनो, मार्तिर’ ही छोटी कादंबरी इंग्रजीतून वाचली, शनिवारी वाचनकट्ट्यावर तिच्याबद्दल बोलायचंय आणि मी पार अडकलेय. गावाचा लाडका पाद्री, पण स्वतःचाच मरणानंतरच्या जीवनावर विश्वास नाही, चर्चमधे सगळे एकसुरात श्रद्धेची कलमं म्हणतात तेव्हा मरणानंतरच्या जीवनाच्या शेवटच्या ओळीला हा गप्प, गावाच्या आवाजात ते झाकून जातं (काटाच आला अंगावर). अमेरिकेहून परतलेला नास्तिक लाझारो त्याला उघडं पाडायचं सोडून त्यालाच सामील का होतो? मला ही फसवणूकच वाटते, पण गोष्ट सांगणारी लाझारोची बहीण आंखेला जे म्हणते ते पण पटतं. कुणी वाचलीय का? मराठी अनुवाद माहीत असेल तर प्लीज सांगा.