घाटे अळीच्या चाचणीत अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी घाटे अळी पायरेथ्रॉइडला (सायपरमेथ्रीनसारख्या कीटकनाशकांच्या गटाला) का दाद देत नाही, ते तपासतोय. आमच्याच शेतात सायपरमेथ्रीनच्या दोन फवारण्यांनंतरही अळ्या घाटे पोखरताना पाहिल्यात, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांत सीवायपी३३७बी३ हे दोन जनुकं जुळून तयार झालेलं पी४५० गटातलं (विषारी रसायनं मोडणारं) विकर, म्हणजे एन्झाइम, २०१२ मध्ये सापडलं. ते फेनव्हॅलरेट या पायरेथ्रॉइडचं विघटन करतं. माझ्या अळ्यांत ते आहे का, हे पुढे पीसीआरने (जनुक ओळखण्याच्या चाचणीने) पाहीन. सध्या गाडी अडलीय साध्या चाचणीत. तिसऱ्या अवस्थेतल्या अळीला आधी पीबीओ (पायपरोनिल ब्युटॉक्साइड, पी४५० रोखणारं रसायन) लावून मग कीटकनाशक दिलं, तर मर स्पष्ट वाढते. पण पीबीओ पी४५० बरोबर काही एस्टरेजही (कीटकनाशक मोडणारी दुसऱ्या गटातली विकरं) रोखतं. मग नेमकं कोणतं विकर काम करतंय, हे कसं ठरवायचं? डीईएफची (एस्टरेज रोखणाऱ्या रसायनाची) वेगळी चाचणी पुरेल, की विकरांची क्रियाशीलता थेट मोजावीच लागेल?

आणखी एक. तूर आणि हरभरा, दोन्हींवरून अळ्या गोळा केल्यात. खाद्य वनस्पतीतल्या रसायनांमुळेही ही विकरं वाढतात, म्हणून चाचणीआधी कृत्रिम खाद्यावर किती पिढ्या वाढवाव्यात? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.