खेळाचा तास गणिताला द्यायचा का? (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

ए-२०३: नमस्कार. शनिवारी शाळेत पालकसभा आहे. स्कॉलरशिपच्या तयारीसाठी आठवड्यातले खेळाचे दोन्ही तास गणिताला देणार, असं पत्र आलंय. सभेत काय मांडायचं ते जाणकारांनी सांगावं.

बी-१०४ (प्राथमिक शिक्षिका): ताई, विरोध करायचाच. पण नुसतं 'मुलांना खेळू द्या' म्हणून भागणार नाही. सलग बसलेली मुलं चौथ्या तासाला चुळबुळ करायला लागतात, फळ्यावरचं गणित वहीत उतरवतानाच आकडे चुकतात. वाढवलेला तास असा वाया जातो. फिनलंडमध्ये ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटं मुलांना बाहेर सोडायची पद्धत आहे. आपण दोन तासांमागे १५ मिनिटं तरी मागू. डब्याची सुट्टी यात धरायची नाही, ती हात धुण्यात आणि डबा खाण्यातच संपते. आणि गृहपाठ केला नाही म्हणून खेळ बंद, ही शिक्षा नको. चुळबुळ्या मुलालाच ती सुट्टी सगळ्यात जास्त हवी असते.

सी-३०२ (डोळ्यांचे डॉक्टर): डोळ्यांचा मुद्दाही घ्या. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास जास्त दिला. ३ वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं अंधुक दिसू लागलं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण मुख्यतः उजेड. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर उन्हात १०,००० च्या वर. त्यामुळे हॉलमधल्या खेळानं हा फायदा होत नाही. लागलेला नंबर मात्र यानं उतरत नाही.

डी-४०१: डॉक्टर, मार्च-एप्रिलच्या उन्हात कसं जमायचं?

सी-३०२: झाडाची सावली चालते, तिथेही वर्गापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. तास सकाळी पहिला किंवा दुसरा ठेवायला सांगा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

ए-५०२ (निवृत्त क्रीडाशिक्षक): तास वाचवला तरी तो नीट घेतला पाहिजे. ४० मुलं आणि एक चेंडू असला की ३० जण उभेच राहतात. आठ-आठचे पाच गट करा. लंगडीला एका गटाला ६ बाय ६ मीटरचा चौकोन पुरतो. बाद झालेल्याला बसवून ठेवू नका, दहा उड्या मारून परत आत घ्या. नाहीतर ज्याला सरावाची गरज तेच मूल बसून राहतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणजे पळतानाच पुढची चाल ठरवावी लागते आणि मन आवरावं लागतं. वर्गात लक्ष लागायला हेच लागतं.

आणि मैदान मुलांकडूनच आखून घ्या, भूमिती तिथेच शिकवता येते. एक खुंटी, २ मीटर दोरी, टोकाला काठी. दोरी खुंटीला घट्ट बांधली तर फिरताना गुंडाळत जाते, त्रिज्या कमी होते आणि रेषेचं शेवटचं टोक पहिल्याला येऊन मिळत नाही. म्हणून सैल फास ठेवायचा, खुंटीभोवती मोकळा फिरेल असा. मग त्याच रेषेवर दोरी अंथरून परीघ मोजायचा, साडेबारा मीटरच्या आसपास येतो. ४ मीटर व्यासानं भागलं की तीनच्या थोडं वर उत्तर येतं. गणितातला पाय (π) म्हणजे काय ते पाठ करावं लागत नाही. आखायला चुन्याची फक्की मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेली तर इजा होते. रांगोळी चालेल.

ए-२०३: सर, हे छान. पण शाळा म्हणते, मैदान जून ते सप्टेंबर चिखलातच असतं, म्हणून पेव्हर ब्लॉक घालतो.

बी-१०४: ब्लॉक नकोच. पडल्यावर गुडघे फुटतात, खुंटी रोवता येत नाही. मैदान तर शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टातच आहे, तो मुद्दा लेखी द्या.

ए-५०२: चिखल काळ्या मातीचा आहे. वरचा सहा इंच थर काढून मुरूम टाकायचा, १०० फुटांना १ फूट उतार द्यायचा आणि कडेला चर काढायचा. मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर ओला करून रोलर फिरवायचा. कोरड्यावर फिरवला तर वरून घट्ट दिसतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात उखडतो.