चौदाव्या वर्षीचा नकोसा स्पर्श: ‘तेव्हा मी गप्प का राहिले?’

प्रश्न
कॉलेजच्या समुपदेशन कक्षात विशीतली मुलं-मुली येऊन सांगतात, “मी चौदा वर्षांची असताना नात्यातल्या एकाचा हात अंगावरून फिरला. मी झोपेचं सोंग घेऊन डोळे मिटून पडले. मग याला अत्याचार म्हणायचं का?” बोलणं कुठून सुरू करावं? आणि इतक्या वर्षांनी तक्रार होते का?

प्रतिसाद 1
त्या मिटलेल्या डोळ्यांपासूनच सुरू करा. भीतीनं माणूस पळतो, झगडतो किंवा थिजतो. समोरचा घरातलाच मोठा माणूस असेल तर पोर बहुतेकदा थिजतंच. ही संमती नव्हे. शरीरानं प्रतिसाद दिला म्हणून कित्येक जण, विशेषतः मुलगे, आतून पोखरले जातात. घाम फुटावा तशी ती प्रतिक्षिप्त क्रिया असते, हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा.

मग कागदावर उभी रेघ मारायला लावा. डावीकडे तेव्हा काय माहीत होतं ते: वय, तो कोण, घरात कुणाला सांगता आलं असतं. उजवीकडे आज काय कळतं ते. “मी ओरडायला हवं होतं” हे वाक्य उजव्या बाजूचं आहे, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. 15-20 मिनिटं पुरे. शेवटी मन आत्ताच्या क्षणात परतावं म्हणून पाय जमिनीला टेकवून दिसणाऱ्या 5 वस्तू, हाताला लागणाऱ्या 4, 3 आवाज, 2 वास, 1 चव सांगायला लावा. पहिल्याच भेटीत सगळा तपशील वदवून घेऊ नका. जुनी भीती उसळते, झोप उडते, माणूस परत येत नाही. घटनेला नाव काय द्यायचं तेही त्यांनाच ठरवू द्या.

प्रतिसाद 2
पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. घटना त्यानंतरची आणि वय तेव्हा 18 च्या आत असेल, तर मुलगा असो वा मुलगी, लैंगिक हेतूनं केलेल्या स्पर्शाला 3 ते 5 वर्षं कैद आहे. जवळचा नातेवाईक किंवा शिक्षक असेल तर 5 ते 7. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नसते. “कपड्यांवरूनच होतं ना” हा बचावही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 18 नोव्हेंबर 2021 ला तो निकालात काढला. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर मुलीच्या बाबतीत भारतीय दंड संहितेचं कलम 354 येतं. तेव्हा त्याला कमाल 2 वर्षं शिक्षा होती, म्हणून 3 वर्षांची मुदत आड येते. आधी वकिलाला भेटा.

सांगणारं आजही 18 च्या आत असेल, तर पोक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुप्ततेचं वचन देऊन बसू नका, नंतर विश्वास तुटतो.

प्रश्नकर्ता
एकीला आईला सांगायचंय.

प्रतिसाद 1
सणासुदीच्या, लग्नाच्या गडबडीत नको. वाक्य आधीच ठरवून ठेवू द्या: “आई, अमक्यानं मला नको तिथे हात लावला होता. आत्ता फक्त ऐकून घे.” आईच्या तोंडून पहिल्यांदा “तेव्हाच का नाही बोललीस?” येऊ शकतं, याची तयारी करून घ्या. त्या रात्री सोबतीला मैत्रीण असावी. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. 18 च्या आतल्यांसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन. आणि तो माणूस आजही लहान पोरं असलेल्या घरांत जातो-येतो का, ते तिला नक्की विचारा.