भाषा येत नसली तरी

जिथे इंग्रजी चालत नाही तिथे परक्या माणसाची कोणी विचारपूस करत नाही, हे मत मला पटत नाही. चीनमधील शिच्याच्वांग शहरात आम्ही दोघे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी शोधत होतो. एका फळवाल्या बाईंना मी मोबाइलवर डॉक्टरांचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी 'के दिहुआ' हे त्यांचे चिनी नाव उच्चारले, हातातला तराजू खाली ठेवला, गाडी शेजारणीवर सोपवली आणि बसथांब्यापर्यंत आमच्याबरोबर येऊन आम्हाला कुठे उतरवायचे ते चालकाला नीट समजावून सांगितले. निघताना त्यांनी दोन नासपती माझ्या पिशवीत घातल्या आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

आपल्या सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. एवढ्या वर्षांनंतरही त्यांचा चेहरा रस्त्यावरच्या बाईंनी ओळखावा, याने माझे डोळे भरून आले. सोलापुरातल्या त्यांच्या स्मारकापुढे आता कोणी परदेशी पाहुणा घुटमळताना दिसला, तर मी स्वतःहून थांबते.