शब्दचर्चा : हृदयपेशी, क्रियाविभव, विध्रुवण आणि स्पंदन

प्रश्न

हृदयाच्या स्नायूतील एकेका पेशीत विद्युत् घडामोडी कशा होतात, यावरील संशोधनाची ओळख करून देणारा लेख मी मराठीत लिहीत आहे. वाचकाला विज्ञानाची आवड आहे, पण तो वैद्यकशास्त्र शिकलेला नाही, असे धरून चाललो आहे. ‘कार्डिओमायोसाइट’साठी ‘हृदयपेशी’, ‘ॲक्शन पोटेन्शियल’साठी ‘क्रियाविभव’, ‘डीपोलरायझेशन’साठी ‘विध्रुवण’ आणि ‘रिफ्रॅक्टरी पीरियड’साठी ‘विश्रांतिकाल’ हे शब्द योजले आहेत. ‘बीट’साठी सर्वत्र ‘स्पंदन’ ठेवले आहे. पेशीत प्रत्यक्ष जे घडते त्याच्याशी हे शब्द जुळतात का, की त्यांमुळे वाचकाची दिशाभूल होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

‘हृदयपेशी’ हा शब्द सैल आहे. हृदयात स्नायूच्या पेशींखेरीज तंतुजनक पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि इतरही बऱ्याच पेशी असतात. घनफळाचा मोठा वाटा स्नायुपेशींचा असला तरी संख्येत त्या एकट्या नाहीत. म्हणून ‘हृद्‌स्नायुपेशी’ किंवा सरळ ‘हृदयाची स्नायुपेशी’ असे म्हणावे. एकदा तसे सांगून झाल्यावर पुढे नुसते ‘पेशी’ म्हटले तरी चालेल.

हिंदी लेखनाचा आधार घेत असाल, तर एक सावधगिरी बाळगावी. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू आणि आपल्या पेशीला तेथे ‘कोशिका’ म्हणतात. बंगालीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत, तेथे पेशी म्हणजे मांसाचे स्नायू आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांसारख्या रचना. मराठीने हे दोन्ही शब्द उचलून त्यांचे अर्थ बदलले आणि शालेय पुस्तकांनी ते पक्के केले, त्यामुळे मराठी वाचकाला ‘स्नायुपेशी’ हा शब्द अडणार नाही. अडचण आली तर ती अनुवाद करणाऱ्यालाच येईल.

प्रतिसाद २

‘विभव’ (‘पोटेन्शियल’, म्हणजे विद्युत् पातळी) आणि ‘क्रियाविभव’ यांच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते प्रश्नाचा गाभा तेथे आहे.

निलयाची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) स्नायुपेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या पटलाच्या (पातळ आवरणाच्या) आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. ही दोन बाजूंमधील तुलना असल्यामुळे काटेकोरपणे पाहता तिला ‘विभवांतर’ म्हणायला हवे, आणि पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत तो शब्द रुळलेलाही आहे. ‘पटलविभव’ म्हटल्यावर ‘अंतर’ गृहीत धरले जाते, हे एका वाक्यात सांगितले की काम भागते.

‘क्रियाविभव’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. विभव ही मोजायची राशी आहे, आणि येथे नाव द्यायचे आहे ते एका घटनेला, म्हणजे विभवांतर क्षणात उसळून ठरावीक वळणाने पूर्वपदावर येते त्या साऱ्या प्रक्रियेला. आधी सोडियमचे आयन आत घुसतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत आतली बाजू ऋणाची धन होते. मग कॅल्शियमचे आयन आत येत राहतात, पोटॅशियमचे बाहेर जात राहतात, आणि या दोन प्रवाहांची जवळजवळ बरोबरी झाल्याने आलेख बराच वेळ सपाट राहतो. शेवटी कॅल्शियमची आवक थांबते, पोटॅशियमचे बाहेर जाणे वरचढ ठरते आणि पेशी पुन्हा ऋण होते. मज्जातंतूत हे सगळे एक-दोन मिलिसेकंदांत आटोपते, निलयाच्या पेशीत मात्र त्याला २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. आलेखातील त्या सपाट भागाला ‘पठार’ हा आयता शब्द आपल्याकडे आहे. संपूर्ण घटनेला ‘क्रियाविभव’ऐवजी ‘विभवलहर’ म्हणावे, असे मी सुचवीन: लहरीला आरंभ, चढ, उतार आणि शेवट असतो, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

‘विध्रुवण’ हा शब्द चालेल, पण त्याचा अर्थ ध्रुवता नाहीशी होणे एवढाच होतो, आणि पेशी तेवढ्यावर थांबत नाही. १९०२ साली युलिउस बर्नस्टाइन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार उद्दीपित झालेल्या पेशीचे पटल सर्व आयनांना वाट देते आणि विभवांतर शून्यापर्यंत येते. तसे असते तर ‘विध्रुवण’ तंतोतंत बसले असते. परंतु १९५१ मध्ये ड्रेपर आणि वायडमान यांनी सस्तन प्राण्यांच्या हृदयातील पुर्किन्ये तंतूंत (विद्युत् लहर पसरवणाऱ्या स्नायुतंतूंत) काचेचा अतिसूक्ष्म टोकाचा विद्युदग्र (इलेक्ट्रोड) खुपसून प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा आतली बाजू शून्य ओलांडून सुमारे ३० मिलिव्होल्टपर्यंत धन होत असल्याचे दिसले. म्हणजे ध्रुवता क्षणभर उलटते. लेखात ‘विध्रुवण’ वापरावे, पण पहिल्या उल्लेखालाच ‘ध्रुवता जाऊन उलट होणे’ असे स्पष्ट करावे. परतीच्या प्रवासाला ‘पुनर्ध्रुवण’ योग्यच आहे.

प्रतिसाद ३

एवढे शब्द घडवण्याचा खटाटोप कशासाठी? डॉक्टर, विद्यार्थी आणि संशोधक बोलताना ‘ॲक्शन पोटेन्शियल’च म्हणतात. शब्द तोच ठेवावा आणि अर्थ समजावून द्यावा.

प्रतिसाद ४

वरील सूचना अंशतः पटते. ‘आयन’, ‘सोडियम’, ‘कॅल्शियम’ यांना पर्याय शोधू नयेत आणि ‘चॅनेल’ही तसेच ठेवावे, कारण काही ठिकाणी त्यासाठी ‘वाहिनी’ हा शब्द वापरलेला आढळतो आणि हृदयावरील लेखात रक्तवाहिन्यांच्या शेजारी ‘कॅल्शियम वाहिनी’ आली की वाचक एखादी नळी डोळ्यांसमोर आणतो. खरे तर हे चॅनेल म्हणजे पटलात रोवलेला प्रथिनाचा एक रेणू असतो. तो क्षणात उघडतो आणि क्षणात मिटतो. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये अशा एकेका रेणूतून वाहणारा प्रवाह मोजून दाखवला आणि त्यासाठी त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲक्शन पोटेन्शियल’ मात्र नुसते लिप्यंतर करून भागत नाही. त्यातला ‘ॲक्शन’ म्हणजे आकुंचनाची क्रिया असे सामान्य वाचक समजतो, आणि नेमका तोच घोटाळा आपल्या ‘स्पंदन’ या शब्दातही आहे.

पेशीची विद्युत् घटना आणि तिचे आकुंचन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या सहसा एकीमागून एक येतात म्हणून आपण त्यांना एकच नाव देतो. त्यांना जोडणारा दुवा कॅल्शियमचा आहे. लहरीच्या पठारावर बाहेरून थोडे कॅल्शियम आत येते, त्या थोड्या कॅल्शियममुळे पेशीतल्याच साठ्यातून पुष्कळ कॅल्शियम मोकळे होते, आणि ते ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन चिकटले की आकुंचनाचे तंतू एकमेकांवरून सरकतात. हा दुवा तोडता येतो. सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी बेडकाचे हृदय क्षारद्रवात चालते ठेवले होते, पण तो द्रव लंडनच्या नळाच्या पाण्यात बनवला होता. ऊर्ध्वपातित पाण्यात तोच द्रव केल्यावर आकुंचन लवकरच थांबले आणि नळाच्या पाण्यातले कॅल्शियम किती मोलाचे होते ते कळले. कॅल्शियमविना आकुंचन थांबले तरी विद्युत् लहरी काही काळ उमटत राहू शकतात, हे पुढील प्रयोगांत दिसून आले. रुग्णालयातही असा प्रसंग येतो: हृदयालेखावर (ईसीजीवर) लहरी दिसतात आणि नाडी लागत नाही. तेथे ‘स्पंदन चालू आहे’ म्हणायचे की ‘बंद आहे’?

म्हणून ‘स्पंदन’ हा शब्द यांत्रिक घटनेसाठी, म्हणजे आकुंचन आणि शिथिलन या जोडीसाठी, राखून ठेवावा आणि विद्युत् घटनेला ‘विभवलहर’ म्हणावे.

आता ‘विश्रांतिकाल’. हा शब्द काढून टाकावा, असे मी आग्रहाने सांगेन. विभवलहर चालू असताना पेशीला दुसरे उद्दीपन दिले तर ती दाद देत नाही. हा गुणधर्म एतिएन-ज्यूल मारे यांनी एकोणिसाव्या शतकातच बेडकाच्या हृदयावर दाखवला होता. परंतु त्या वेळी पेशी विश्रांती घेत नसते, उलट ऐन आकुंचनात असते. याच लांबलेल्या काळामुळे हृदयाचा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखा सलग आखडून राहू शकत नाही आणि प्रत्येक आकुंचनानंतर रक्त भरून घ्यायला त्याला उसंत मिळते. ‘निष्प्रतिसाद काळ’ हा शब्द थोडा जड आहे, पण अचूक आहे. त्याचा आरंभीचा भाग ‘पूर्ण’ आणि नंतरचा, ज्यात जोरदार उद्दीपनाला पेशी उत्तर देते तो, ‘सापेक्ष’ असे म्हणता येते.

‘प्रसरण’ या शब्दाविषयीही दोन शब्द लिहितो. ‘आकुंचन-प्रसरण’ ही जोडी जिभेवर बसलेली आहे, आणि संपूर्ण हृदयाविषयी बोलताना ती खटकत नाही. एका पेशीविषयी बोलताना मात्र ‘शिथिलन’ म्हणावे. तेही आपोआप होत नाही: मोकळे झालेले कॅल्शियम साठ्यात परत ओढणारे पंप एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करतात, आणि उरलेले कॅल्शियम पटलातून बाहेर काढताना एका कॅल्शियम आयनाच्या बदल्यात तीन सोडियम आयन आत घेतले जातात.

मूळ प्रश्नकर्ता

‘विभवलहर’, ‘निष्प्रतिसाद काळ’ आणि ‘शिथिलन’ हे शब्द स्वीकारतो, आपणा सर्वांचा आभारी आहे. एकच शंका राहिली. गतिप्रेरक (ठोक्यांची गती ठरवणाऱ्या) पेशींच्या विवेचनात ‘फनी करंट’ असा शब्द येतो. त्याला ‘विनोदी प्रवाह’ म्हणायला मी धजत नाही.

प्रतिसाद ५

‘विनोदी’ अर्थातच नको; येथे ‘फनी’ म्हणजे चमत्कारिक, अपेक्षेच्या उलट वागणारा. ब्राउन, डीफ्रान्सेस्को आणि नोबल यांनी १९७९ मध्ये सशाच्या हृदयातील गतिप्रेरक पेशींत या प्रवाहाचे वर्णन केले. पेशी पुन्हा ऋण झाली की हृदयातील परिचित आवक प्रवाह बंद असतात, आणि हा नेमका तेव्हाच सुरू होतो; शिवाय त्यात सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही वाहतात. त्याच्यामुळे पेशीचे विभवांतर बाहेरच्या उद्दीपनाविना हळूहळू चढत उंबरठ्यापर्यंत येते आणि पुढची लहर सुरू होते. ॲड्रेनलिनने तो वाढतो, म्हणून ठोके जलद पडतात. इव्हाब्रॅडीन हे औषध तो रोखते, म्हणून ते मंदावतात. ‘चमत्कारिक प्रवाह’ असे नाव द्यावे आणि ते पहिल्यांदा येईल तेथे अवतरणचिन्हांत ठेवावे, म्हणजे हे विशेषण लेखकाचे नसून संशोधकांनीच दिलेले आहे हे वाचकाला कळेल. ‘पेसमेकर’ हा शब्द मात्र छातीत बसवायच्या यंत्रासाठीच ठेवून पेशींना सर्वत्र ‘गतिप्रेरक’ म्हणावे.