परतीचा आहेर: ४० नग, प्रत्येकी ४०० रुपये. हातानं केलेलं खरं कसं ओळखायचं?

लातूरकर_आहेर
घरात लग्न आहे, अजून अडीच महिने हातात आहेत. परतीच्या आहेराला ४० जणांना प्रत्येकी चारशेच्या आसपास काहीतरी द्यायचंय. स्टीलचे डबे आणि प्लास्टिकच्या फुलदाण्या नकोत. मराठवाड्यातलं, हातानं केलेलं आणि करणाऱ्याच्या पदरात नीट पैसे पडतील असं शोधायलो. जवळच्या चार-पाच माणसांना जरा भारी काही द्यायचा विचार आहे: पैठणीची पर्स, हिमरूची (सुती-रेशमी नक्षीदार विणीची) शाल, घोंगडी. दुकानात सगळेच ‘हँडमेड’ म्हणून हातात ठेवतात. पारख कशी करायची?

उलटी_बाजू
आधी पर्स यादीतून काढा. चारशे-पाचशेला मिळणारी ‘पैठणी पर्स’ म्हणजे बहुतेक वेळा पॉवरलूमचं पॉलिस्टर कापड असतं, आत फोम आणि खाली चायना चेन. पर्सला अस्तर असल्यामुळे कापडाची उलटी बाजू बघता येत नाही, आणि सगळी परीक्षा तिथेच असते.

हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. प्रत्येक रंगाचा धागा छोट्या कांडीवरून तेवढ्याच जागेत फिरवून शेजारच्या रंगात अडकवतात, म्हणून मागे लोंबते धागे राहत नाहीत. पदरावरचा मोर मागून धाग्यांचं जाळं दिसला किंवा धागे कातरलेले दिसले, तर ते खरं पैठणी विणकाम नव्हे. काठाबाबत मात्र घाई करू नका. हातमागावरच जॅकार्ड (नक्षी पाडणारं यंत्र) लावून विणलेल्या ब्रोकेड काठाला मागे धागे असतात. ती फसवणूक नाही, पण भाव त्याप्रमाणे कमी हवा.

हिमरूला हाच नियम उलटा! सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) जादा बाण्यानं (आडव्या धाग्यानं) नक्षी उठवतात, त्यामुळे मागे मोकळे धागे असणारच, त्यानंच शाल मऊ आणि उबदार होते. जळण्याची परीक्षाही तशीच फसवते. रेशमाचा धागा आक्रसत जळतो, केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण हिमरूचा ताणा सुती असल्यानं त्याला कागद जळाल्याचा वास येतो. तेवढ्यावरून दुकानदाराला खोटा ठरवू नका. ताणा आणि बाणा दोन्हींतून एकेक धागा काढून वेगवेगळा जाळा. पैठणीतला जरीचा धागा या परीक्षेत घेऊ नका, तिथे धातू मध्ये येतो.

रेशीम म्हणून विकत असतील तर सिल्क मार्कचं लेबल बघा. ते फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं, हातमागाचं आहे असं नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. लोक इथेच गल्लत करतात. पैठणला लघुउद्योग विकास महामंडळाचं पैठणी केंद्र आहे. चालू माग एकदा डोळ्यांनी बघितला की निम्मी पारख येते.

तांडा_ते_टाका
चाळीस नगांना माझं मत: बंजारा भरतकामाच्या छोट्या पिशव्या किंवा बटवे, नाहीतर खादीचे टॉवेल-उपरणी. खादी भांडाराच्या मालावर खादी मार्क बघून घ्या. खादी पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा शिवून घेणार असाल तर कापड आधी भिजवून वाळवा.

भरतकाम बघताना मागे कागद किंवा फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं कापड) चिकटवलेलं असेल आणि खालचा धागा सगळीकडे एकाच रंगाचा असेल, तर ते मशीनचं. हाताच्या टाक्याला मागे गाठी दिसतात, टाके थोडे कमी-जास्त असतात. आरसा गालाला लावा: काच गार लागते, प्लास्टिक नाही. तो चिकटवलेला नको, भोवतीच्या टाक्यानं धरलेला हवा. ओला पांढरा रुमाल लाल-निळ्या धाग्यावर घासून बघा. रंग उतरला तर पहिल्याच पावसात पाहुण्याच्या कपड्यांवर येईल.

पैशाचा हिशोब सरळ विचारा: एका नगाला किती तास? २०२५-२६ मध्ये राज्यात रोहयोची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. चारशेच्या बटव्यात कापड-आरशाचे शंभर धरले तर तीनशे उरतात, म्हणजे साधारण एक दिवसाचं काम. मधला माणूस त्यातले दीडशे काढत असेल, तर बाईला अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन दिवसभराचं काम करून घेतलं असा त्याचा अर्थ. म्हणून बचत गटाशी थेट बोला, निम्मे आगाऊ द्या, आधी दोन नमुने करून घ्या आणि ते बघूनच बाकीचे सांगा. चाळीस नग तंतोतंत सारखे मागू नका. तशी अट घातली की काम मशीनवर जातं.

खळ_आणि_लोकर
घोंगडी द्यायची तर घेणाऱ्याला आधी विचारा. दख्खनी मेंढीची लोकर जाड, अंगाला टोचते. ती अंथरायला उत्तम, गालाशी घ्यायला नाही. काळी घोंगडी मूळ लोकरीच्या रंगाची असेल तर रंगवण्याचा प्रश्नच येत नाही. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी ताठ असते, वापरानं नरमते. वॉशिंग मशीनमध्ये घातली तर आटून नमद्यासारखी जाड, घट्ट होईल. उन्हात झटकायची, ठेवताना कडुलिंबाचा पाला घालायचा. अगदी मऊ, चकचकीत आणि स्वस्त असेल तर अॅक्रिलिकचा संशय घ्या: जाळल्यावर गोळी होते.

खायचं चालत असेल तर वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. अख्खी हळकुंडं कापडी पिशवीत द्या, पूड नको. पुडीत भेसळ करणं फार सोपं.

तुळजापूरची कवड्याची माळ मात्र ‘इथली खास वस्तू’ म्हणून वाटू नका. ती आराध्यांची (देवीच्या सेवेकऱ्यांची), देवीची आहे. ज्याच्या घरी मान आहे त्यालाच द्यावी.

लातूरकर_आहेर
हिमरू शालीचे मागचे धागे अंगठीत अडकतील ना? अस्तर लावून घेऊ का?

उलटी_बाजू
अडकतात. पातळ सुती अस्तर लावा, सिंथेटिक नको, घसरतं. आधी अस्तराचं कापड भिजवून आटवून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात शाल गोळा होईल. कडेला हातानं सैल टाका मारा, मधून शिलाई मारू नका. आणि बिलावर ‘हातमाग’ असं लिहून मागा. देणाऱ्यानं टाळाटाळ केली की समजून घ्या.