अंगणातल्या तळीवर जाळी कशी घालायची? ढोकरी रोज मासे नेतेय

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. घरामागं कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) बाजूला चिऱ्यांची तळी बांधलीय, दहा फूट बाय सहा फूट, खोली अडीच फूट, आतून सिमेंट. गेल्या चवथीनंतर बारा कोई आणि वीसेक गोल्डफिश सोडले होते. आज मोजले तर कोई सात. गोल्डफिश मोजायचं धाडसच होत नाही. चोर कोण ते कळलंय, सकाळी साडेसहाला एक ढोकरी, म्हणजे तो छोटा बगळा, येते आणि तळीच्या पायरीवर मान आखडून अशी बसते की मातीचं ढेकूळ पडलंय वाटतं, आई मागचं दार उघडते तेव्हा उडते आणि उडताना एकदम पांढरीशुभ्र. दुपारी माडाच्या झावळीवर खंड्या बसलेला असतो तो वेगळाच.

मी बाजारातून हिरवं नायलॉनचं जाळं आणून चारी कोपऱ्यांना दगड ठेवून पसरलं. दोन दिवसांत मधोमध खोळ झाली, त्यात फणसाची पानं साचली, जाळं पाण्याला टेकलं आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर ढोकरी त्या जाळ्यावरच उभी राहून भोकातून चोच घालतेय!! म्हणजे मी तिला मचाण बांधून दिलं. पाऊस तोंडावर आलाय. जाळं कुठलं घेऊ, आस (जाळ्याचं भोक) किती, आणि बांधू कशाला? चिऱ्यात खिळा मारला की भुगा होतो. बजेट बेताचंच आहे.

साखळीचा_बाबू:
गलोल घे, दोन दिवसांत प्रश्न सुटतो 😀

फोंड्याची_माई:
बाबू, मस्करीतसुद्धा नको रे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात बगळे-ढोकरी सगळे येतात, आणि एक गेली तरी शेतातून दुसरी येणारच, आयतं ताट कोण सोडतं?

डिचोलीकर, आमच्याकडे चार वर्षं तळी आहे आणि तुझ्या सगळ्या चुका मी करून बसलेय. नायलॉन भिजलं की सैल पडतं. मे महिन्यात तबल्यासारखं ताणलेलं जाळं जूनमध्ये झोळी होतं, आणि उन्हानं त्याचा धागा कुजतो तो वेगळा. मासेमारीचं सामान विकतात त्या दुकानात एचडीपीईचं (एक प्रकारचं प्लॅस्टिक) जाळं माग, ते पाणी पीत नाही. धागा जाड घे, आस पाऊण इंच ते एक इंच. दोन इंचाची असेल तर छोटा खंड्या आरामात आरपार जातो.

पण खरं सांगू का, जाळ्यापेक्षा चौकट महत्त्वाची. माटोळीची (चवथीला गणपतीवर फळं टांगायची) करतो ना तशी चौकट कर, फक्त ती वर टांगायची नाही, पायांवर उभी करायची. मी पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपच्या दोन चौकटी करून घेतल्या, तुझ्या मापाला पाच बाय सहाच्या दोन होतील. एकच मोठी केलीस तर साफसफाईला चार माणसं बोलवावी लागतील, दोन असल्या की एक उचलून दुसरीवर ठेवली की झालं. पाण्यापासून निदान एक फूट उंच ठेव म्हणजे ढोकरी वर बसली तरी चोच पोचत नाही. वेल्डिंग करताना जस्त जळतं, तिथं आधी गंज धरतो, म्हणून प्रत्येक जोडावर झिंकचा रंग मारून घे, वेल्डर "काय गरज नाय" म्हणेल, ऐकू नको. आणि पाय कठड्यावर टेकव, पाण्यात नको, जस्त माशांना मानवत नाही.

जाळं चौकटीला सुटं बांधू नको. कडेच्या प्रत्येक आसातून दोरी ओवून घे आणि ती दोरी चौकटीला वीतभर अंतरावर आवळ. खालून आडव्या दोन-तीन तारा टाक, कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकवाली तार चालते. मग पानं पडली तरी खोळ होत नाही, झाडूनं ओढून काढायची. चिऱ्याला खिळा नकोच. वाऱ्यासाठी हवंच तर चार इंच खोल भोक पाडून त्यात वाकवलेली सळी सिमेंटनं बसव आणि चौकट तिला बांध.

पेडणेकर:
माईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त सापाचं सांगतो. तुमचं ते दगडाखालचं पसरलेलं जाळं आजच काढा, उद्या नको. माझ्याकडं गेल्या पावसात तसंच बारीक धाग्याचं जाळं होतं, कडा जमिनीवर लोळत होत्या. सकाळी बघतो तर पाणदिवड अडकलेली, विरोळा म्हणतात ना तीच. सापाचे खवले मागं वळलेले, त्यामुळे पुढं घुसता येतं पण मागं निघता येत नाही, जितकी धडपड तितका धागा कातडीत रुततो. तीन ठिकाणी वळ पडले होते. विषारी नाही पण चावायला भारी तिखट, म्हणून सर्पमित्राला बोलावलं, त्यानं डोकं कापडात धरलं आणि मी भावल्यांचे कपडे शिवायच्या छोट्या कात्रीनं (मुलीची, तिला अजून सांगितलेलं नाही) एकेक धागा कापत बसलो, पाऊण तास. जगली, कुंपणातून गेली.

त्यानंतर मी कापडी-नायलॉनी सगळं सोडून अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) बसवली. महाग पडते, वजनही आहे, पण कडक असल्यामुळे गुंडाळत नाही. जाळंच वापरायचं तर एकही टोक लोंबू देऊ नका.

डिचोलीकर:
बाप रे. संध्याकाळीच काढलं ते जाळं. पण चौकट होईपर्यंत आठ दिवस जातील, तोवर काय? आणि वर जाळी असताना आई खाणं कसं टाकणार?

फोंड्याची_माई:
खाण्याचे दाणे एक इंचाच्या आसातून खाली जातात, काळजी नको. तोवर तळाशी चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे टाक, मासे आत लपतात. आणि कठड्याभोवती तंगूस (मासे गळाला लावायचा नायलॉनचा दोरा) ताण, एक सहा इंचावर, एक फुटावर. ढोकरी काठावरून चालत येते, पायाला दोरा लागला की बिचकते. खंड्याला त्याचा काही उपयोग नाही हं, तो वरून सूर मारतो. आणि एक राहिलंच, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का? आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तळी भरली की मासे पाण्याबरोबर थेट पोफळीच्या पाटात.

डिचोलीकर:
(दोन आठवड्यांनी) चौकटी बसल्या. वेल्डर खरंच म्हणाला "काय गरज नाय", आईनं त्याच्यासमोर ब्रश हातात घेतला. परवा रात्री धो धो ओतला, सकाळी पाणी चार बोटं चढलेलं, ओव्हरफ्लोच्या जाळीला दोन गोल्डफिश चिकटलेले, जिवंत. म्हणजे माई, ते दोन तुमचे. ढोकरी आली होती, चौकटीवर दोन फेऱ्या मारल्या, खाली बघितलं, मग विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. कोई अजून सात आहेत.

साखळीचा_बाबू:
आणि गोल्डफिश?

डिचोलीकर:
अकरा. मोजले एकदाचे.